दुसरी वेलांटी

मास्तर आज असते, तर हे लिहायला बसायची माझी छाती झाली नसती. पहिल्याच ओळीवर त्यांची लाल पेन्सिल फिरली असती आणि वर ऐकून घ्यावं लागलं असतं, "अगो, घाई कसली? समुद्र कुठे पळून जात नाही. वेलांटी मात्र पळते."

रत्नागिरीत त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. बंदरावर मास्तर, भाजीवाल्याकडे मास्तर, रिक्षा स्टँडवर मास्तर. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "मास्तरांचं आलंय" म्हणून माझ्या हातात द्यायचा. मी त्यांची भाडेकरू. आणि ती कशी झाले, तेच आधी सांगते.

बँकेने माझी सोलापूरहून बदली केली. खोली शोधत शोधत झाडगावात पोचले, तर एका कौलारू घराच्या फाटकावर पाटी: 'खोली भाड्याने देणे आहे. शुद्ध लिहिणाऱ्यास प्राधान्य.' उन्हाने डोकं फिरलेलं, मी 'लिहिणाऱ्यास'चं 'राहणाऱ्यास' वाचलं. ओटीवर एक उंच, हाडकुळे गृहस्थ बसले होते. त्यांना म्हटलं, "काका, तुमची अट मान्य आहे. मी घरात अंडंसुद्धा शिजवणार नाही."

"मग रत्नागिरीत जगशील काय खाऊन?" ते म्हणाले. "बस. लिही."

आणि मला कागद-पेन्सिल देऊन त्यांनी चक्क शुद्धलेखन घातलं. वीस शब्द. कुटुंब, स्फूर्ती, पूर्ण, निःस्पृह, असले एकेक. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पाठीवर सॅक, पायात धुळीच्या चपला, आणि मी शुद्धलेखन लिहितेय! आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, त्या घरात राहू नको गं बाई. मास्तरांनी कागद अगदी नाकाला लावून तपासला. मला वाटलं, काय कडक माणूस आहे. तो कडकपणा नव्हता, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

"विसापैकी चौदा. घाटावरची असून बरी आहेस," ते म्हणाले. "पण हे काय? पाणी या अर्थी सलिल सांगितला, तू लिहिल्येस सलील. दुसरी वेलांटी! अगो, सलिल म्हणजे पाणी, पहिली. सलील म्हणजे लीलेसह, खेळत, मजेत. समुद्राकाठी राहायला आल्येस नि तुला पाणी लिहिता येत नाही?"

"आमच्या सोलापुरात पाणी नळालाच कमी, वहीत कुठून येणार?"

ते खदखदून हसले आणि खोली माझी झाली. माझा कागद मात्र एका जाड फायलीत गेला. त्यांच्या सगळ्या भाडेकरूंचे कागद त्यात होते. त्यातले एक पुढे मोठे सरकारी अधिकारी झाले, आणि त्यांना विसापैकी सहा होते, हे मास्तर प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

मास्तर शाळेत मराठी शिकवत. निवृत्त झाले, शाळा सुटली, पण अशुद्धलेखन काही सुटेना. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी वसुधा पुण्याला. मग त्यांनी बंदर धरलं. खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत रंगाचे दोन डबे, एक पांढरा, एक निळा, दोन ब्रश, चिंधी आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत टर्पेंटाइन. रोज सकाळी मिरकरवाड्याला जायचं आणि जिथे चूक दिसेल तिथे उभ्या उभ्या दुरुस्त करायची. पाटी असो, पेटी असो, बोट असो. विचारायचं नाही, मागायचं नाही. वेलांटी बरोबर करायची आणि पुढे.

सुरुवातीला भांडणं झाली म्हणतात. एका खाणावळीत 'सूरमई थाळी' लिहिलं होतं. मास्तरांनी शांतपणे थाळी संपवली, हात धुतले आणि मालकाला म्हणाले, "मासा उत्तम होता. आता शिडी आण." मालक हातघाईवर आला. पण दुसऱ्या दिवशी त्याची आईच त्याला म्हणाली, मेल्या, तू त्यांच्याच वर्गात होतास ना, मग लाज नाही वाटत? बंदरावरचे निम्मे लोक त्यांच्याच वर्गातले. त्यामुळे भांडणं फार टिकायची नाहीत. उलट पुढे पुढे रिवाजच पडला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तसं त्याआधी बोट रंगवून झाली की मास्तरांना बोलवायचं. त्यांनी नाव बघून "हां, घाला पाण्यात" म्हटल्याशिवाय कोणी बोट ढकलायचं नाही.

त्यांचं एक वचन मिरकरवाड्यात तोंडपाठ होतं: ज्याच्या पाटीवर चूक, त्याची मासळी शिळी. "कसं काय हो?" मी एकदा वाद घातला. "बांगड्याचा नि वेलांटीचा काय संबंध?" "जो लिहिताना आळस करतो, तो बर्फ घालतानाही करतो," मास्तर म्हणाले. मी त्यांच्या सांगण्यावरून एका शुद्ध पाटीवालीकडून बांगडे आणले आणि ते खरोखरच ताजे निघाले. पुढच्या वेळी मी मुद्दाम अशुद्ध पाटीवाल्याकडून आणले. तेही ताजेच निघाले. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

दुसरं भांडण लिलावाच्या फळ्याशी. त्यावर कोणीतरी दर महिन्याला 'लीलाव' लिहायचं आणि मास्तर दर महिन्याला पुसायचे. "लिलावात लीला नसते रे बाबांनो, नुसती ओरड असते!"

दुसऱ्या वर्षी मला एकेक गोष्ट खुपायला लागली. मास्तर सकाळचा पेपर मला वाचायला लावू लागले. म्हणायचे, "तुझे उच्चार तपासतोय." चहात दोनदा मीठ पडलं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "कोकणात पावसाळ्यात घालतात थोडं." मी घाटावरची, मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी बँकेत शहाण्यासारखी सगळ्यांना सांगत सुटले आणि अख्खी शाखा माझ्याकडे बघून हसली.

मग दिवाळीनंतर वसुधाचा पुण्याहून फोन आला. मला, त्यांना नाही.

"तुम्ही बाबांबरोबर राहता, म्हणून विचारते. त्यांना दिसतं का हो? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर सांगून थकले. हे म्हणतात, दिसणाऱ्या डोळ्याला हत्यार कशाला लावू? मला फोनवर सगळं छान सांगतात. एक दिवस त्यांच्याबरोबर बंदरावर जा. दिसत असेल तर राहू देत तिथे. दिसत नसेल, तर मी नाताळात येते, घराला कुलूप लावते आणि त्यांना घेऊन जाते. उद्या जेटीवरून पाण्यात पडले तर मी काय करू? तुम्ही मला खरं तेवढं सांगा."

तिचं काही चुकत होतं असं नाही. पण पुणे म्हटलं की मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. "तिथे पाट्या शुद्ध असतात गो. शुद्ध नि उद्धट. मी करू काय दिवसभर?" हे ते हसत म्हणायचे, पण त्यांना बंदरावरून उचलून वसुधाच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसवलं, तर हा माणूस वर्षभर टिकायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि निकाल माझ्या हातात. मला मेलीला कोणी सांगितलं होतं या घरात राहायला!

मी मास्तरांना म्हटलं, दोन वर्षं झाली, तुम्ही मला बंदर नीट दाखवलं नाहीत. ते खूश. "रविवारी चल. सकाळी मिरकरवाड्याला लिलाव बघू. दुपारी सुकतीला राजिवड्याला पोचलं पाहिजे."

"सुकट तिथे चांगली मिळते का?"

"सुकट नव्हे, सुकती! ओहोटी! अगो, तुझं कसं होणार?"

रविवारी उजाडता आम्ही निघालो. मास्तर मजेत, पिशवी खांद्याला, आणि मी त्यांच्या मागे, माहेरी निघालेल्या बाईच्या ट्रंकेत चोरून हात घालावा तशी. प्रत्येक पावलाला बघत होते, अडखळतात का, चाचपडतात का. शरम वाटत होती मला स्वतःची.

पण मास्तर अडखळले नाहीत. बोटी लागलेल्या, टोपल्यांचा खडखडाट, बर्फ फोडल्याचा आवाज, बायकांची झुंबड, घारी डोक्यावर, पायाखाली मासळीचं पाणी. मी दोनदा घसरले. हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस सरळ चालला होता. मी मनात म्हटलं, दिसतंय की हो यांना! उगाच पोरीला काळजी.

"या मास्तर! शेवंता बोलतंय, शेवंता!" कोपऱ्यातून एक कोळीण एवढ्या मोठ्याने ओरडली, की मी दचकले. मास्तर बरोबर तिच्याकडे वळले. तिथून दहा पावलांवर दुसरी, "मास्तर, मी फातिमा!" तिसरा, "मास्तर, दत्ता हाय हितं, डावीकडनं या!" बंदरावर सगळेच ओरडतात, म्हणून मला आधी वेगळं काही वाटलं नाही. मग मी बघितलं, की मास्तरांच्या वाटेत एक जाडा दोर आडवा पडला होता. ते पोचायच्या आत एका माणसाने तो पायाने दाबून धरला आणि ते गेल्यावर सोडला. वर बघितलंसुद्धा नाही. पुढे एकीने मासळीची टोपली मागे ओढली. एकाने हातगाडी थांबवली. रोजचं काम असल्यासारखं, बोलता बोलता.

ही माणसं ओरडत नव्हती. ती मास्तरांना वाट दाखवत होती.

शेवंताने त्यांच्या हातात एक सुरमई दिली. मास्तरांनी कल्ल्यात बोट घातलं, पोटावरून अंगठा फिरवला, "काल संध्याकाळची. पण चांगली आहे." शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली, "बगा बाई, मास्तरांची नजर!" आणि बोलताना माझी नजर चुकवली.

मग मास्तरांनी वर बोट केलं. "ती पाटी बघ. 'ताजी मासळी मिळेल.' मिळेलची पहिली वेलांटी कशी ठसठशीत आल्येय. माझीच."

मी वर बघितलं. तिथे कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता. हार, मोबाइल, गॉगल, सगळं त्यात, आणि खाली 'वाढदिवसानिमीत्त हार्दीक शुभेच्छा'. मास्तरांना दिसता, तर तो फ्लेक्स बंदरात तरंगला असता.

"छानच आहे," मी म्हटलं.

दुपारी आम्ही रिक्षाने राजिवड्याला गेलो. खाडीची ओहोटी लागलेली, पाणी मागे गेलेलं आणि बोटी चिखलात कुशीवर टेकलेल्या. "म्हणून सुकतीला आणलं तुला," मास्तर म्हणाले. "आता बोटींजवळ जाता येतं, हात लावता येतो. एरवी त्या आपल्याला उभं करीत नाहीत. चल, वाच नावं. परीक्षा."

मी वाचत गेले, ते वेलांट्या विचारत गेले. अशा आम्ही आठ-दहा बोटी केल्या आणि एका निळ्या बोटीपाशी आलो. तिथे इब्राहिमभाई फाटलेलं जाळं तुणत बसला होता, बरोबर दोघं-तिघं. इब्राहिमभाई पन्नाशीचा, बारा वर्षं आखातात काढून आलेला, आणि त्या पैशातून घेतलेली ही बोट. मास्तरांच्या वर्गात तो मराठीत तीनदा नापास झाला होता आणि हे तो स्वतःच कौतुकाने सांगायचा.

"ही बघ! या गाढवाने बोट घेतली नि मला म्हणाला, मास्तर, नाव तुम्हीच द्या, तुम्हीच रंगवा. गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेच्या आधी. पाणी हे नाव बोटीला दुसऱ्या कोणी दिलं असेल का सांग! वाच."

मी वाचलं, आणि वाचतच राहिले. मास्तरांचं ते गोल, देखणं, फळ्यावरचं अक्षर. स, मग ल, मग काठी, मग ल. काठी एक अक्षर पुढे पडली होती. सलील.

अजून एक गोष्ट दिसली. बोट यंदा नवीन रंगवली होती, निळा रंग चकचकत होता. पण नावाभोवती रंगवणाऱ्याने हात थांबवला होता. जुन्या अक्षरांच्या कडेकडेने ब्रश फिरवून नाव तेवढं तसंच ठेवलं होतं.

इब्राहिमभाईने जाळं खाली ठेवलं. मास्तरांच्या पाठीमागून त्याने मला हात जोडले आणि मान हलवली, नको. माझ्या जवळ येऊन कुजबुजला, "शेवंताचा फोन आला हुता बाई. म्हणाली, बँकवाली संगती हाय, तिला वाचता येतंय. बोलू नका. सव्वा वर्ष सगळ्या बंदरानं सांभाळलंय."

"वाचलंस का?" मास्तर.

"सलिल," मी म्हटलं. बोलताना काय, दोन्ही सारखीच.

"वेलांटी?"

आता 'पहिली' म्हटलं की सुटले. वसुधालाही 'दिसतं' म्हणून सांगायचं, मास्तर इथेच राहतील, बंदर त्यांना सांभाळील. आणि एक दिवस कोणाचं तरी लक्ष नसेल, दोरावर कोणाचा पाय नसेल. माझ्या डोळ्यांपुढे ती जेटीची कड आली.

"दुसरी," मी म्हटलं.

"चूक!" मास्तर कडाडले. "दोन वर्षांपूर्वी हेच चुकलीस, आज तेच! समोर लिहिलेलं वाचूनही दुसरी म्हणत्येस? बँक चालते कशी तुमची? ऐकलंस का इब्राहिम, तुझ्या बोटीला दुसरी वेलांटी लावत्येय ही!"

इब्राहिमभाईने पुन्हा जाळं हातात घेतलं. त्याच्याबरोबरचे खाडीकडे बघत राहिले. माझा मात्र भडका उडाला. चूक नसताना चार माणसांत ओरडून घ्यायची मला सवय नाही, मग समोर मास्तर का असेनात. मी त्यांचा हात धरला, बोटीपर्यंत नेलं आणि त्यांचं बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं. रंगाचे थर चांगले जाड होते.

"तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

त्यांचं बोट स वरून फिरलं. मग ते काठी शोधत थांबलं, तर बोटाखाली ल आला. पुन्हा मागे गेलं, पुन्हा ल. मग ल ओलांडून पुढे गेलं आणि तिथे काठी होती. ते बोट तिच्यावरून वरपासून खालपर्यंत गेलं, परत वर आलं, आणि तिथेच राहिलं.

मला रडू येत होतं. अशी कशी गं मी, असं वाटत होतं.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"पयल्या दिवसापासनं," इब्राहिमभाई म्हणाला.

"आणि एकाही गाढवाच्या लक्षात आलं नाही? एवढी वर्षं शिकवलं, नि बंदरात एकालाही शुद्धलेखन येत नाही?"

"येतंय मास्तर. तुमीच शिकवलंव. म्हणून तर गप होताव."

मास्तर जाळ्याच्या ढिगावर खाली बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग एकदम लहान आवाजात मला म्हणाले, "भीती वाटते गो. आत्ता धुकं तरी दिसतं. हत्यार लावलं नि तेही गेलं तर?" आजवर हा माणूस कशाला भ्यायलेला मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या शेजारी चिखलातच बसले, रविवारच्या चांगल्या ड्रेससकट. इब्राहिमभाईने कोणाला तरी चहा आणायला पिटाळलं. चहा आला. मास्तरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वसुधाला फोन लाव. सांग, करतो म्हणावं ऑपरेशन. पण इथेच, पुण्यात नाही. आणि सांग, की मला दिसत नाही. खरं सांग."

वसुधा चार दिवसांत आली. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. आम्ही दोघी दाराशी, जीव मुठीत धरून. डॉक्टरांनी विचारलं, "काका, दिसतंय का काही?" मास्तरांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, मग त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे. तिथे पाटी होती: 'रूग्णांनी शांतता राखावी.'

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "रुग्ण ऱ्हस्व आहे."

वसुधा हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली. घरी आलो तर ओटीवर शेवंता, फातिमा, दत्ता, इब्राहिमभाई, सगळे, आणि एवढी मासळी की शेजारच्या चार घरांत वाटावी लागली. शेवंता वसुधाला म्हणाली, "ताई, तुमी नेताव तर न्या. पण मंग आमच्या पाट्या कोण बगील?" वसुधाने बाबांकडे बघितलं, मासळीकडे बघितलं, आणि आणलेली रिकामी बॅग परत रिकामीच घेऊन गेली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तिने बॅग आणलीच नाही.

पुढचा महिना आम्ही कसा काढला, ते आमचं आम्हाला ठाऊक. काळा चष्मा, धुळीत जायचं नाही, डोळ्यात थेंब. मास्तरांनी तेवढ्यात घरातली सगळी कॅलेंडरं तपासली. महिना संपला तसे म्हणाले, "चल. सुकती कधी आहे बघ."

मिरकरवाड्याला पोचल्याबरोबर त्यांनी वर पाहिलं आणि तो फ्लेक्स दिसला. बिचारा पुढारी! शिडी, दोन डबे, आणि 'निमीत्त'चं 'निमित्त' होईपर्यंत सबंध लिलाव थांबला. "ही तुला छान वाटली होती काय गो?" त्यांनी शिडीवरून मला विचारलं. त्या दिवशी कोणी नावं ओरडली नाहीत. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे बघून म्हणत होते, "शेवंता, केस पिकले गो तुझे! दत्ता, एवढं पोट कधी सुटलं?"

राजिवड्याला बोट चिखलात टेकली होती. मास्तरांनी पिशवीतून पांढरा डबा काढला, झाकण उघडलं, ब्रश ओला केला. इब्राहिमभाई बाजूला उभा, तोंड पाडून.

"मास्तर, एक सांगू? राहू द्या ती."

"अशुद्ध?"

"ह्या नावानं ती दीड वर्ष गेली आन् आली. एक दिवस वाईट गेला नाय. पोरं तिला त्याच नावानं वळखतात. तुमच्या हातची हाय."

मास्तर नावाकडे बघत उभे राहिले. इतका वेळ, की ब्रशवरचा रंग थेंब थेंब चिखलात पडू लागला. आता बोलणार, मला वाटलं, अपवाद नाही, सूट नाही, पहिली म्हणजे पहिली.

"सलील," ते म्हणाले. "लीलेसह. खेळत. खेळत गेली नि खेळत आली, आता तिचं पाणी कशाला करू?" आणि त्यांनी ब्रश चिंधीला पुसला. "पण गाढवा, हे नाव चुकून पडलेलं नाही, मीच दिलेलं आहे, असं सांगायचं. कळलं?"

"तसंच सांगताव मास्तर," इब्राहिमभाई म्हणाला. "दीड वर्ष तसंच सांगताव."

पुढच्या वर्षी माझी परत सोलापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी मास्तरांनी ती जाड फाइल काढली आणि त्यातला माझा कागद माझ्या हातात ठेवला. भाडेकरूला कागद परत मिळाल्याचं तोवर एकही उदाहरण नव्हतं. विसावर चौदा लिहिलं होतं, ते खोडून पंधरा केलं होतं. 'सलील'वरची लाल फुली तशीच होती, पण तिच्या शेजारी बोटीच्या निळ्या रंगात एक जाडजूड बरोबरची खूण होती आणि बारीक अक्षरात शेरा: 'बोटीचे नाव म्हणून धरले.'

मास्तर त्यानंतर सहा वर्षं होते, आणि अगदी शेवटपर्यंत बंदरावर जात होते, असं वसुधाने कळवलं. तो कागद मी बँकेतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. फॉर्म भरताना कोणी स्वतःचं नाव सलील सांगून वेलांटीपाशी अडलं, की माझा हात थांबतो आणि मी विचारते, "पाणी हवंय की बोट?"